फोंड्यात बसून चिनी ग्रीन टी जमवताना: पाणी, पार्सल आणि पावसाळा

लोंगजिंग, बिलोचुन असले नाजूक चिनी ग्रीन टी घरी करायचे म्हटलं की जी माहिती मिळते ती बहुतेक थंड आणि कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात सकाळीच ३३ डिग्री, जुलैत बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं, नळाला क्लोरीनचा वास, विहिरीचं पाणी चिऱ्याच्या थरांतून झिरपून आलेलं, आणि चहा बाहेरून मागवायचा तर मध्ये कस्टम. हे सगळं एका जागी कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून २०२५ च्या एप्रिलपासून दिवाळीपर्यंत जे जे केलं ते तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतेय. आम्ही फोंड्याजवळ राहतो, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, आणि चहा म्हणजे आल्याचा, दुधाचा, दिवसातून दोनदा. तो अजून चालूच आहे, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही.

माझी भाची नोकरीसाठी चीनमध्ये हांगझोऊला असते. ती २७ एप्रिलला सुट्टीवर आली आणि येताना लोंगजिंगचं ५० ग्रॅमचं आणि बिलोचुनचं २५ ग्रॅमचं पाकीट घेऊन आली. लोंगजिंग त्याच हांगझोऊच्या पश्चिम तळ्याच्या आसपासच्या टेकड्यांवरचा, बिलोचुन सुझोऊजवळ ताइहू तळ्याकाठच्या डोंगरांवरचा, तिथे चहाच्या झुडपांमध्येच फळझाडं लावलेली असतात. दोन्ही छिंगमिंगच्या आधी खुडलेले. छिंगमिंग म्हणजे तिकडचा पूर्वजांच्या थडग्यांना भेट द्यायचा सण, ४ किंवा ५ एप्रिलला येतो, आणि त्याच्या आधी खुडलेल्या पानाला तिकडे सगळ्यात जास्त भाव. कारण साधं आहे, हिवाळाभर झाड थांबलेलं असतं, मुळांत साठवलेलं सगळं पहिल्या कोंबात उतरतं, थिअनीन नावाचं अमिनो आम्ल त्यात जास्त असतं आणि ग्रीन टीला जी गोडसर, भरलेली चव येते त्यात त्याचा मोठा वाटा. पुढे ऊन वाढलं की पानात कॅटेचिन वाढतात, म्हणजे कडवटपणा आणि जिभेला कोरडं करणारा तुरटपणा.

भाचीने पाकीट हातात देतानाच सांगितलं, "मावशी, उकळतं पाणी यावर ओतू नको हां, आणि पाकीट सारखं उघडून वास घेत बसू नको." खरं सांगते, मला त्या पाकिटाची भीतीच वाटली. तिने किंमत सांगायला नकार दिला पण कळत होतंच. एका ग्लासाला तीन ग्रॅम धरले तर लोंगजिंगचे सोळा ग्लास आणि बिलोचुनचे आठ, संपलं. त्यामुळे पहिला आठवडा मी ती पाकिटं उघडलीच नाहीत. त्याऐवजी निलगिरीचा सुटा ग्रीन टी, १०० ग्रॅम २४० रुपयांना, पणजीहून आणला आणि हात त्यावर बसवला. हे सगळ्यांना सांगेन, आधी आपल्याकडचा, निलगिरी नाहीतर कांगड्याचा साधा ग्रीन टी घ्या आणि पाणी, वेळ, वजन यांची सवय करा, ती सवय जशीच्या तशी पुढे उपयोगी पडते.

सामान फार लागत नाही. खिशात मावणारा ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा ३८० रुपये, स्वयंपाकाचा सुईवाला डिजिटल थर्मामीटर ३२० रुपये, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा, २५० रुपये. काच घरात होतीच, सरळ उंच ग्लास, २०० मिलिचा. गायवान म्हणजे झाकण आणि बशी असलेला चिनी मातीचा वाटीसारखा पेला, तो नंतर जुलैत ७५० रुपयांना घेतला, पण नसला तरी काही अडत नाही. लोंगजिंग तर हांगझोऊत सुद्धा सर्रास साध्या ग्लासातच पितात. काटा मात्र हवाच. लोंगजिंगची पानं चपटी, दाबलेली, बिलोचुनचे कोंब गुंडाळलेले आणि लव असलेले, चमच्याने मोजलं तर एकाचे चार ग्रॅम होतात आणि दुसऱ्याचे दोन.

४ मेला, रविवारी सकाळी, लोंगजिंग उघडला. ओट्यावर तीन ग्लास ठेवले, प्रत्येकात दीड ग्रॅम पान आणि शंभर मिलि पाणी, एकात आधणाचं, एकात ८० डिग्री, एकात ७०. वेळ सगळ्यांना दोन मिनिटं. मला माझ्या जिभेने ठरवायचं होतं की हा तापमानाचा बाऊ खरा किती. आधणाच्या ग्लासाला वास सगळ्यात जोरदार आला पण पाणी लगेच पिवळं पडलं आणि घोट गिळल्यावर टाळूला कडू कोरडेपणा चिकटला. ७० डिग्रीचा गोड पण पातळ. ८० च्या ग्लासात भाजलेल्या चण्यासारखा वास, मग गोडी, आणि गिळल्यावर थोड्या वेळाने घशात परत एक गोडवा वर येतो, तो मला पहिल्यांदाच तिथे कळला आणि मी एकटीच ओट्याशी उभी राहून हसले. यामागचं कारण असं की अमिनो आम्लं कमी गरम पाण्यातही चांगली विरघळतात, कॅटेचिन आणि कॅफिन मात्र पाणी जितकं गरम तितके भराभर उतरतात. त्यामुळे तापमान म्हणजे कडू आणि गोड यांचं प्रमाण ठरवायची चावी. चांगलं पान आधणालाही टिकतं असं म्हणणारे लोक आहेत, आणि चहा तपासणारे खरंच उकळतंच पाणी वापरतात, आयएसओ ३१०३ या मानकात १०० मिलिला २ ग्रॅम पान, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं असं दिलंय. पण ते पानातले दोष उघडे पाडायला. आपण दोष शोधायला बसत नाही, प्यायला बसतो.

सासूबाईंनी ८० चा ग्लास चाखला आणि म्हणाल्या, "हें च्या न्हय गो, उदक हें!" त्यांना दोष नाही, आयुष्यभर दुधाचा कडक चहा प्यायल्यावर पहिला घोट तसाच लागणार. त्यांना मी गरम पाण्यात भिजून उमललेली पानं बशीत काढून दाखवली, एक कोंब आणि एक-दोन कोवळी पानं, अख्खी, कुठे फाटलेली नाहीत. ती मात्र त्यांनी बराच वेळ बघितली.

८० डिग्री आणायला थर्मामीटर रोज लागत नाही. आधण आलं की पाणी काचेच्या जगमध्ये ओतायचं, माझ्याकडे ते ९० च्या आसपास येतं, तिथून दुसऱ्या थंड भांड्यात ओतलं की ८२. पण ही मापं आपल्या भांड्यांवर आणि ऋतूवर आहेत, मे महिन्यात भांडंच तापलेलं असतं, पाणी निवायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात सुई बुडवून आपल्या भांड्यांचा अंदाज घ्या आणि मग ती बाजूला ठेवली तरी चालेल.

आता पाणी. माझ्या मते सगळी मेख इथे आहे आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. आमच्या नळाला ओपाच्या प्रकल्पाचं पाणी येतं, खांडेपार नदीचं, मीटरवर टीडीएस ७० च्या घरात, पण क्लोरीनचा वास नाजूक चहात सरळ वर येतो. प्युरिफायरच्या आरओ पाण्याचा टीडीएस १८, त्यात चहा सपाट लागतो, वास येतो पण चवीला अंगच नाही. आणि सासूबाईंच्या माहेरी मडकईला विहीर आहे, घरची, तिच्या पाण्याचा टीडीएस ५२. त्या पाण्यात केलेला लोंगजिंग आणि नळाच्या पाण्यातला शेजारी ठेवले तर कुणीही सांगेल कुठला कुठला. विहिरीच्या पाण्यात रंग स्वच्छ, फिका पोपटी, आणि तो घशातला गोडवा बराच वेळ राहतो.

पण विहिरीचं पाणी ८० डिग्रीला वापरायचं म्हणजे आधी ते प्यायला सुरक्षित आहे का हे कळायला हवं, म्हणून तपासणी केली. मडगावातली एनएबीएल, म्हणजे लॅबना अधिकृत मान्यता देणाऱ्या मंडळाची, मान्यता असलेली एक खाजगी लॅब शोधली. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली आपली चालत नाही, त्यांच्याकडची निर्जंतुक बाटली आधी आणावी लागते, म्हणजे एक खेप फक्त बाटलीसाठी. १३ मेला सकाळी साडेसहाला मडकईला नमुना घेतला, बाटलीच्या तोंडाला आतून हात लावायचा नाही, झाकण खाली ठेवायचं नाही, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी अकराच्या आत लॅबमध्ये. रासायनिक तपासणीसाठी वेगळा एक लिटर. फॉर्ममध्ये विहीर उघडी की बांधलेली, शौचालयाच्या टाकीपासून किती अंतरावर, शेवटचा उपसा कधी असं सगळं विचारतात, ते घरच्यांना आधीच विचारून जा. दोन्ही मिळून १,४०० रुपये झाले. जंतू वाढवून बघायचे असतात त्यामुळे रिपोर्ट लगेच मिळत नाही, १९ तारखेला ईमेलवर आला.

रिपोर्टमध्ये कठिणपणा लिटरला २८ मिलिग्रॅम, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात २०० पर्यंत चालतो, म्हणजे हे पाणी अगदी मऊ. पीएच ६.२, मानक ६.५ ते ८.५, म्हणजे किंचित आम्ल, आणि लॅबमधल्या बाईंनी सांगितलं की जांभ्या दगडातल्या विहिरींचं असं नेहमी येतं. पण कोलिफॉर्म जंतू सापडले, म्हणजे पाण्यात बाहेरची घाण मिसळत असल्याची खूण. हे वाचून पोटात गोळा आला कारण घरचे ते पाणी वर्षानुवर्षं तसंच पितात. तर त्यांना उकळून प्यायला सांगितलं, विहिरीत क्लोरीन घालायचं ठरलं, आणि चहापुरता नियम असा केला की पाणी नीट खळखळून उकळायचं आणि मग निववायचं. थेट ८० पर्यंत तापवून थांबायचं नाही. विहिरीचं पाणी वापरणाऱ्या सगळ्यांनी ही तपासणी करा, चहा करा किंवा नका करू.

ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांनी नळाचं पाणी रात्री रुंद तोंडाच्या पातेल्यात, वर पातळ फडकं टाकून ठेवावं, सकाळी झाकण न लावता उकळावं, क्लोरीनचा वास बराचसा जातो. आरओच असेल तर त्यात थोडं असं नळाचं पाणी मिसळून टीडीएस ४०-५० वर आणून बघा, आमच्याकडे ते चाललं.

बिलोचुनची तऱ्हा वेगळी. वरच्या प्रतीच्या ५०० ग्रॅम बिलोचुनमध्ये ६०-७० हजार कोंब असतात म्हणतात, इतके ते बारीक. त्यावर वरून पाणी ओतलं तर कोंब भाजतात आणि लव सुटून पाणी गढूळ होतं. म्हणून इथे आधी ग्लासात पाणी घ्यायचं, ७० ते ७५ डिग्री, आणि मग वरून कोंब सोडायचे. ते सरळ खाली बुडत जातात आणि बुडताना उमलतात, लव पाण्यात तरंगत राहते, ती धूळ नाही, ती असायलाच हवी. लोंगजिंगला मी मधला मार्ग ठेवते, ग्लासात थोडं पाणी, त्यात पान, ग्लास हलकेच फिरवून पान भिजवायचं, वास घ्यायचा, मग बाकीचं पाणी ग्लासाच्या कडेवरून. दोन्हीवर झाकण ठेवायचं नाही, कोंडलेल्या वाफेत पान शिजतं आणि भाजीसारखा वास मारतं. आणि ग्लास रिकामा होईपर्यंत प्यायचा नाही, तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी घालायचं, त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही चव टिकते. गायवानमध्ये केला तर अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळा गाळून घ्यायचा.

मेच्या सुरुवातीलाच कळलं की हे पाकीट महिन्याभरात संपणार, म्हणून ९ मेला बाहेरच्या एका दुकानातून लोंगजिंग १०० ग्रॅम मागवला, भारताच्या पैशात ३,१०० रुपये, कुरियर ९०० वेगळे. पार्सल मुंबईपर्यंत आठवड्यात पोचलं आणि तिथे बसलं. कुरियरवाल्यांचा मेसेज आला की केवायसी पूर्ण करा, म्हणजे आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, मोबाईलवर ओटीपी, आणि खरेदीचं बिल. पार्सलवर माझं फक्त पहिलं नाव आणि आडनाव, आधारवर मधलं नावही आहे, तर त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं सही करून पत्र द्यावं लागलं. मग चहा स्वतःसाठी की विक्रीसाठी, किती ग्रॅम, असं विचारलं. मी स्वतःसाठी, १०० ग्रॅम, असं लिहून पाठवलं. त्यानंतर काही दिवस ट्रॅकिंगवर एकच ओळ, आणि तेव्हाच पाऊस आला, २०२५ ला तो मेच्या शेवटच्या आठवड्यातच आपल्याकडे पोचला, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पाकीट कुठल्यातरी दमट गोदामात पडलेलं. कस्टम ड्युटी आणि कुरियरवाल्यांचे हाताळणीचे पैसे धरून २,३०० रुपये भरले, २९ मेला पार्सल घरी. म्हणजे ३,१०० चा चहा ६,३०० ला पडला. हे आधी हिशोबात धरा. मागवताना नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर द्या, दुकानदाराला बिलावर वस्तूचं नाव, वजन आणि स्वतःच्या वापरासाठी हे स्पष्ट लिहायला सांगा, आणि ओटीपीचा मोबाईल चालू ठेवा.

पाकीट आतून निर्वात बंद होतं त्यामुळे पानाला काही झालं नव्हतं. खरी परीक्षा त्यानंतर. ग्रीन टीचं पान हवेतली ओल ओढतं आणि शेजारचा वासही ओढतं, आणि मे-जूनमध्ये गोव्यातल्या घरात काय असतं, पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं, सामान. सुकी सुंगटं (कोळंबी), खारं नुस्तं (मासे), सोलां (आमसुलं), मिरच्या, कोठीची खोली त्या वासाने भरलेली. तिथे चहा ठेवायचा प्रश्नच नव्हता. फ्रीज ठीक, पण त्यात रात्रीचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, असतं. म्हणून मी पान आल्याच दिवशी, पंखा बंद करून, १०-१० ग्रॅमच्या फॉइलच्या पुड्या केल्या, उष्णतेने तोंड बंद केलं, भाचीने केस सरळ करायची इस्त्री दिली त्यानेच ते छान झालं, आणि सगळ्या पुड्या सिलिका जेलच्या पाकिटांसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून डबा फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात. एक पुडी उघडली की आठवड्यात संपवायची. आणि महत्त्वाचं, पुडी फ्रीजमधून काढली की लगेच उघडायची नाही, बंदच तीन-चार तास बाहेर ठेवायची, नाहीतर दमट हवेतलं पाणी थंड पानावर धरतं आणि त्या पुडीचा वास दोन दिवसांत जातो. मी आदल्या रात्रीच काढून ठेवते.

पावसात विहीर वरपर्यंत भरली, पाणी गढूळ झालं, तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत नळाचंच रात्रभर ठेवलेलं पाणी वापरलं. चव उतरली, खोटं का बोलू, पण निलगिरीच्या चहाला त्या पाण्यात काही फरक पडला नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक दिवस तोच प्यायला आणि लोंगजिंग राखून ठेवला.

चवथीला, २७ ऑगस्टला, घर भरलेलं होतं. दुपारी जेवणं आटोपल्यावर गायवान काढला, जाऊ, नणंद, दोन दीर, सगळ्यांना छोट्या वाट्यांतून. नेवरी आणि मोदकांच्या गोडावर हा चहा मला स्वतःला फारसा रुचत नाही, गोडाने त्याची गोडी मरते, पण मोठे दीर म्हणाले, "वहिनी, अजून एक वाटी दे बघू," आणि तिसऱ्या पाण्यापर्यंत बसून राहिले. सासूबाई आता सकाळी नाही, पण दुपारी चार वाजता अर्धा ग्लास घेतात. त्यांना गरमपेक्षा थंड आवडतो, आणि आपल्या हवेत तो खरंच चांगला: पाच ग्रॅम पान, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी गाळायचं, त्याच दिवशी संपवायचं. यात कडवटपणा जवळजवळ येतच नाही, तापमान सांभाळायचा व्याप नाही, ज्यांना आधी चाखून बघायचंय त्यांनी इथूनच सुरू करावं. कॅफिन यातही असतं, झोपेचा त्रास असेल तर संध्याकाळनंतर नको.

ऑक्टोबरमध्ये विहीर निवळली, क्लोरीन घातल्यानंतर पुन्हा जंतूंची तपासणी केली, ६०० रुपये, यावेळी कोलिफॉर्म नाहीत. पाणी तरीही उकळूनच घेते. दिवाळीला लोंगजिंगची शेवटची पुडी उघडली तेव्हा भाजलेला वास थोडा मंदावला होता पण गोडी शाबूत होती, पाच महिने आणि मध्ये एक गोव्याचा पावसाळा धरला तर मला हे खूप वाटतं.

पुढच्या वर्षीसाठी भाचीशी बोलून ठेवलंय. छिंगमिंगच्या आधीचा महाग पडतो, त्याऐवजी ४ ते २० एप्रिलच्या दरम्यान खुडलेला, गूयूच्या (छिंगमिंगनंतरचा, २० एप्रिलच्या सुमारास येणारा चिनी पंचांगातला दिवस) आधीचा, घ्यायचा, तो निम्म्याच्या आसपास भावात मिळतो आणि जरा जास्त गरम पाणीही सोसतो. ती मेच्या पहिल्या आठवड्यात येणार असेल तर तिच्याबरोबर, नाहीतर एप्रिलच्या २५ च्या आत ऑर्डर, म्हणजे केवायसी आणि कस्टमचे तीन आठवडे धरूनही पार्सल पावसाच्या आधी घरात येईल.